रॉडनी म्हणतो, फार छान

परवा वर्तमानपत्रात रॉडनी हेथॉर्नवर अर्धं पान लिहून आलं. टेलिव्हिजन-नाटकांचा बादशहा म्हणे, नटांचा दिग्दर्शक म्हणे, नटांशी कसं बोलावं ते या माणसाकडून शिकावं म्हणे. माझ्या बहिणीनं ते पान मुद्दाम माझ्यासाठी ठेवलं होतं. मी वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. अगं बाई, नटांशी बोलायचं कोण? रॉडनी? पंधरा वर्षं नटांशी मी बोलत होते!

मी डॉट एंटविसल, मँचेस्टरच्या स्टुडिओत फ्लोअर मॅनेजर होते. आमची कामाची रीत अशी, की नट खाली सेटवर, कॅमेरे खाली, मीही खाली. दिग्दर्शक मात्र वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला, काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत. तिला गॅलरी म्हणायचं. तिथं त्याच्यापुढे सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसायची आणि तो जे काही बोलायचा ते फक्त आमच्या हेडफोनात यायचं. नटांना त्यातलं अक्षर ऐकू जात नसे. त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम माझं.

आणि काय बोलायचा तो, देवा रे! "त्या ठोंब्याला सांग, दार उघडायचंय, किल्ला नाही जिंकायचा!" असं माझ्या कानात किंचाळायचा. मी हसतमुखानं पुढे जाऊन म्हणायचे, "रॉडनी म्हणतो, फार छान! फक्त दार जरा हळू, हं?" "हिच्या आवाजानं दूध नासेल," असं कानात आलं की मी म्हणायचे, "रॉडनी म्हणतो, फार छान! जरा खालच्या पट्टीत घेऊन बघू या का?" तो काहीही बरळो, माझं पहिलं वाक्य ठरलेलं.

तीन नंबरच्या कॅमेऱ्यावरचा विल्फ मला म्हणायचा, "डॉट, तुला स्वर्गात घ्यायचे नाहीत. तिथं खोटं चालत नाही."

"गप रे," मी म्हणायचे. "खरं सांगायला लागले तर उद्या सगळे नट घरी बसतील, आणि गाऊन घालून तुलाच उभं राहावं लागेल."

रॉडनी कर्तबगार होता, ते मी कधीच नाकारणार नाही. बोल्टनच्या पोस्टमनचा मुलगा. शाळेतल्या नाटकांतून रेडिओवर गेला, रेडिओवरून आमच्याकडे आला. आधी त्याला हवामानाच्या बातम्या दिल्या, मग आठवड्याची मालिका, मग नाटकं. कॅमेरा कुठं लावला की माणसाचा चेहरा बोलेल, हे त्याला जसं कळायचं तसं मी दुसऱ्या कुणाला कळलेलं पाहिलं नाही. पण तोच चेहरा हाडामांसाचा होऊन समोर आला की याची दातखीळ बसायची! कान लाल व्हायचे, बुटांकडे बघत "वा, छान, छान" म्हणायचा आणि पळ काढायचा. एकदा एक नट काहीतरी विचारायला जिना चढून वर आला तर हा बाथरूममध्ये जाऊन बसला होता. सगळा दरारा काचेमागून. आम्हाला त्याचं हसू यायचं. लाजरा आहे बिचारा, असं आम्हीच म्हणायचो आणि त्याला सांभाळून घ्यायचो.

अशा या रॉडनीनं हिल्डाबाईंना आईची भूमिका दिली.

हिल्डा ऑर्मरॉड. साठी उलटलेली, ठेंगणी, कायम हातात विणकाम. अख्खी हयात त्यांनी मोलकरणी, शेजारणी आणि आत्याबाई केल्या. आदल्या हिवाळ्यात त्यांचा नवरा आर्थर गेला होता, आणि त्यानंतर त्यांना काम मिळेनासं झालं होतं. या नाटकात मात्र पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत त्याच. सॉलफर्डच्या एका घरातली आई आणि बोटीवर गेलेला तिचा मुलगा, असं ते नाटक होतं. तालमीच्या पहिल्या दिवशी चहा घेताना त्या मला म्हणाल्या, "डॉट, बाळ, चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरांची दारं उघडतेय. या खेपेला घर माझं आहे." हे त्यांनी मेकअपच्या मुलींना सांगितलं, विल्फला सांगितलं, कँटीनमधल्या बाईलाही सांगितलं. मग हळूच मला म्हणाल्या, "रॉडनीनं माझ्यात काय बघितलं कोण जाणे गं. त्याला पस्तावायला लागू नये, एवढंच."

"पस्तावतोय कशाला? तो तर खूष आहे," मी म्हणाले. तोपर्यंत तो कानात काय काय बोलला होता, ते माझं मला माहीत.

सगळं नाटक एका दृश्यावर उभं होतं. आईनं चहा केलाय, किटली टेबलावर ठेवलीय, दार वाजतं. शेजारी येऊन सांगतो की बोट बुडाली. आईला वाक्य नाही. तिनं नुसतं उभं राहायचं, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर.

हिल्डाबाईंना ते साधेना. नाट्यगृहात शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून जे करतात ते त्या करत होत्या. हात छातीवर न्यायच्या, डोळे वर फिरवायच्या, मोठ्ठा श्वास घ्यायच्या. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, मग मी मोजणं सोडलं. टेप थांबवून पुन्हा सुरू करायची म्हणजे त्या काळी फार खटाटोप, म्हणून रॉडनीनं ती चालूच ठेवायला सांगितली होती. माझ्या कानात त्याच्या शिव्यांचा पाऊस, तोंडात माझं फार छान. हिल्डाबाई प्रत्येक वेळी मान डोलवायच्या आणि पुन्हा तेच करायच्या, उलट आणखी जोर लावून.

रॉडनीच्या टेबलावर एक बटण होतं. ते दाबलं की त्याचा आवाज स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू यायचा. बाकीचे दिग्दर्शक ते वापरायचे. रॉडनीनं त्याला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी रागाच्या भरात त्यानं राखदाणी सरकवली आणि ती बरोब्बर त्या बटणावर जाऊन बसली. हे आम्हाला नंतर कळलं.

खाली हिल्डाबाई पुढच्या वेळेसाठी चहाची किटली पुन्हा जागेवर ठेवायला निघाल्या होत्या. किटली त्यांच्या हातात होती, तिच्यावर चहा गरम राहावा म्हणून घालतात ती लोकरीची विणलेली टोपी होती. तेवढ्यात छतातून आवाज आला.

"छातीवर हात, छातीवर हात! हिचा पोरगा गेलाय का हिला उचकी लागलीय? कीव आली म्हणून घेतली मी हिला! नवरा मेला, कुणी काम देईना, म्हटलं घ्या. माझीच अक्कल गहाण पडली होती. दारं उघडत होती तीच उघडू द्यायची. हिला अभिनय येत नाही, कधी येत नव्हता, आणि आता या वयात काय डोंबल येणार आहे?"

तोंडावर 'हिल्डाबाई, तुम्ही' म्हणणारा माणूस, आणि वरून नुसतं 'ही' आणि 'हिला'. मी हात हलवत होते, हेडफोनाच्या माइकमध्ये "रॉडनी, स्पीकर! अरे स्पीकर!" म्हणत होते. पण सेटवर कुजबुजायची इतकी सवय लागलेली की माझ्या तोंडून आवाजच फुटेना. मग वर कुणाच्या तरी लक्षात आलं आणि खट् झालं.  सुतार, दिवेवाले, मेकअपच्या मुली, सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे होते.

हिल्डाबाईंनी काहीही केलं नाही. ओठ थोडे उघडे राहिले. डोळे कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. आधी ते वर काचेकडे गेले, मग आमच्यावरून फिरले, मग हातातल्या किटलीवर आले. टोपीची लोकर एका जागी निसटली होती. ती त्यांनी अंगठ्यानं हळूच आत सारली. मग पुन्हा एकदा सारली.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डॉट, बाळ, रॉडनी काय म्हणाला?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांनीही ऐकलं होतं. आणि तरी त्या मला विचारत होत्या.

"रॉडनी म्हणतो, फार छान," मी म्हणाले. "फक्त एकदा आणखी घेऊ."

"बरं," त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी छातीवर हात नेला नाही. कोरडेपणानं उभ्या राहिल्या, दृश्य झालं, आम्ही पुढे गेलो. धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला दिवसभर वाटत होतं. मला वाटलं, आता तरी हा खाली येईल. जिना काही फार मोठा नव्हता. पण रॉडनी आला नाही. काम संपल्यावर मागच्या दारानं निघून गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर फुलांचा गुच्छ, आणि रॉडनी दारात अर्धा आत, अर्धा बाहेर. "तू देशील का गं त्यांना?" म्हणाला. मी दिला. हिल्डाबाई म्हणाल्या, "कशाला गं एवढं," आणि गुच्छ मेकअपच्या मुलींना देऊन टाकला.

नाटक पुढच्या शरद ऋतूत लागलं. मी स्टॉकपोर्टला बहिणीकडे होते. भाजलेलं मटण आणि वाटाणे घेऊन आम्ही टेलिव्हिजनपुढे बसलो. शेजारी दारात येऊन बोट बुडाल्याचं सांगतो, आणि मग तिचा चेहरा येतो. ओठ थोडे उघडे. डोळे कुठं ठेवावेत ते कळत नाहीये. हातात किटली.

हातात किटली! अहो, किटली तर टेबलावर असायला हवी होती!  अंगठ्यानं लोकर आत सारली, पुन्हा एकदा सारली. टेप चालूच होती ना. विल्फचा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरच होता. रॉडनीनं तो तुकडा उचलून तिथं लावला होता. आमच्या स्टुडिओच्या मधोमध उभ्या असलेल्या एका म्हातारीची आम्ही जी अब्रू घेतली, ती अख्ख्या देशाला जेवताना दाखवली होती.

माझी बहीण डोळे पुसत होती. "काय बाई अभिनय करते गं! तो अंगठा बघितलास?"

अंगठ्यावर सगळेच बोलले. वर्तमानपत्रांत त्या अंगठ्यावर लेख आले. एवढं मोठं दुःख आणि ती निसटलेली लोकर आत सारते, दिग्दर्शकाची ही नजर, असं लिहून आलं. किटली हातात कशी, हे कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नाही. हिल्डाबाईंनी ते पाहिलंच नव्हतं. त्या तेव्हा गावोगाव एका नाटकाच्या दौऱ्यावर होत्या, आणि एकदा लागून गेलेलं पुन्हा बघायची तेव्हा घरी सोय नव्हती. मला फोन करून म्हणाल्या, "डॉट, लोक रस्त्यात थांबवून माझा हात हातात घेतात गं! म्हणजे शेवटी जमलं म्हणायचं मला. तो शेवटी कोरडा घेतलेला तुकडा, तोच ना?"

"हो," मी म्हणाले. "तोच."

फोन ठेवला आणि तशीच रॉडनीला शोधत कँटीनमध्ये गेले. एका कोपऱ्यात बसला होता, ताटातलं सगळं तसंच. मी काही बोलायच्या आधीच त्याचे कान लाल झाले.

"तुला दिसलं होय," तो म्हणाला.

"मला काय डोळे नाहीत? लाज वाटते का रे थोडी तरी?"

"वाटते. झोप नाही लागत मला." तो काट्यानं बटाटे कुस्करत होता. "पण डॉट, तो चेहरा! अख्ख्या आयुष्यात असा चेहरा एकदा मिळतो. मी कापायला बसलो, तो समोर आला. काय, टाकून देऊ?"

"त्यांना विचारायचंस."

"कसं विचारू? काय म्हणून विचारू?" मग त्यानं वर बघितलं, आणि तो काय म्हणणार ते मला आधीच कळलं. "तू सांगशील का त्यांना?"

"मेले तरी नाही. हे तुझं तू सांग. खाली उतर आणि सांग."

"सांगतो," तो म्हणाला. "बक्षिसाच्या जेवणाआधी सांगतो. नक्की."

कारण त्या चेहऱ्याचं नाव बक्षिसासाठी गेलं होतं. वर्षातली सर्वोत्तम अभिनेत्री, आणि चार जणींत हिल्डाबाई. लंडनहून रॉडनीला फोन येत होते, तिकडची मोठमोठी माणसं त्याला जेवायला बोलावत होती. मी रोज वाट बघत होते की आज सांगेल, उद्या सांगेल. हिल्डाबाईंनी आर्थरच्या आवडीचा निळा पोशाख उसवून पुन्हा शिवला. लंडनला आम्ही दोघी बरोबर गेलो. गाडीत त्यांनी चीजचे सँडविच काढले, आणि अर्धं माझ्या हातात देत म्हणाल्या, "आर्थर म्हणायचा, हिल्डा, तुझा दिवस येईल. मी म्हणायचे, दारं उघडणाऱ्यांचा कसला दिवस?" मी सँडविच हातात धरून खिडकीबाहेर बघत बसले. रॉडनीनं सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. मी सांगू शकले असते. मनात म्हणत राहिले, हॉटेलवर भेटेल तेव्हा सांगेल तो.

हॉटेलच्या त्या दालनात गोल टेबलं होती, झुंबरं होती, ओळखीचे-अनोळखी सगळे चेहरे. रॉडनी लंडनच्या साहेबांबरोबर पलीकडच्या टेबलावर बसला होता. आम्हाला बघून त्यानं हात हलवला आणि लगेच पाण्याचा पेला उचलला.

नाव सांगायच्या आधी चौघींच्याही कामाचा एकेक तुकडा मोठ्या पडद्यावर दाखवायची पद्धत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! दिवे मंदावले तेव्हा आलं. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरा हिल्डाबाईंचा चेहरा. भिंतीएवढा. ओठ थोडे उघडे, हातात किटली.

मी पडद्याकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडे बघत होते. आधी त्या हसत होत्या, स्वतःला बघताना माणूस जरा लाजून हसतो तसं. मग हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. त्यांना ओळखू आलं होतं. कुठला क्षण, कुठला आवाज, सगळं.  वर त्यांचा अंगठा लोकर आत सारत होता, आणि इथं टेबलावर त्यांचा खराखुरा अंगठा रुमालाची दुमड आत सारत होता.

दिवे लागले आणि त्यांचंच नाव पुकारलं गेलं.

सगळं सभागृह उभं राहिलं. मला वाटलं या उठणार नाहीत. पण उठल्या, निळा पोशाख सारखा केला, आणि ताठ चालत वर गेल्या. बक्षीस हातात घेतलं.

"चाळीस वर्षं मी अभिनय करतेय," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "आत्ता तुम्ही जे बघितलंत, त्यात माझं काही नाही. ते सगळं रॉडनी हेथॉर्ननं माझ्याकडून करून घेतलं. तो काय बोलला म्हणून ते झालं, ते त्याला विचारा."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. केवढी विनयशील बाई, असं माझ्यामागे कुणीतरी म्हणालं. सगळ्या माना रॉडनीकडे वळल्या, आणि लंडनच्या साहेबानं त्याला दंडाला धरून उभं केलं. आणि तो उभा राहिला हो! पांढराफटक पडला होता, पण वाकून त्यानं नमस्कार केला. पुन्हा टाळ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्यासाठी, माझ्यासाठी, टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या काहीच माहीत नसलेल्या लोकांसाठीसुद्धा.

हिल्डाबाई परत येऊन बसल्या. बक्षीस त्यांनी चमच्यांच्या बाजूला ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फोनवर तू म्हणालीस, कोरडा घेतलेला तोच."

"हो," मी म्हणाले. 

"पंधरा वर्षं तू म्हणत आलीस, रॉडनी म्हणतो, फार छान. त्यातलं एकदा तरी तो म्हणाला होता का गं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि समोर रॉडनी येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच स्वतःहून आला होता, तेवढं खरं. कपाळावर घाम, हातात पेला. तो खरंच काहीतरी बोलायला आला होता, हे मला दिसत होतं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हिल्डाबाई," तो म्हणाला. "फार... फार छान."

हिल्डाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे माझ्याकडे वळल्या.

"डॉट, बाळ, रॉडनी काय म्हणाला?"

रॉडनीनंही माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत सगळं होतं. तिथं त्याच्या पोटात काय चाललंय ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं, हेडफोन नव्हता तरी. माफ करा, मी नालायक आहे, तोंड दाखवायची लायकी नाही माझी. मी ते नीट, गोड करून सांगितलं असतं तर हिल्डाबाईंनी कदाचित ऐकूनही घेतलं असतं. तो वाट बघत होता, मी सांगेन म्हणून.

"काही नाही, हिल्डाबाई," मी म्हणाले. "काहीच म्हणाला नाही तो."

त्यांनी मान डोलवली. रॉडनी पेला धरून तिथंच उभा होता. मी उठले आणि आमचे दोघींचे कोट आणायला गेले.